डोंगर ओलांडून गेलेलं वल्हं

आमच्या घरात दादांचा हात दोनच वस्तूंवर कधी उठला नाही. एक त्यांची सायकल आणि दुसरी त्यांची होडी. बाकी सगळ्यांनी मार खाल्ला. आईनं खाल्ला, आक्कानं खाल्ला, मी खाल्ला, म्हशीनं खाल्ला, आणि एकदा तर चुलीवरच्या पातेल्यानंही खाल्ला, कारण भात खाली लागला होता. दादा म्हणजे माझे वडील. भंडारदरा धरणाच्या काठाला आमची वाडी. पुढं पाणी, मागं डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची भातखाचरं. दादा पहाटे होडी काढून जाळी टाकायचे, मिळतील ते मासे पाटीत भरून पाटी सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि राजूरच्या बाजारात न्यायचे. दिवस कलता परतले की आधी सायकल पुसायची, मग चेनला तेल घालायचं, मग ती अंगणात उलटी करून चाक फिरवून बघायचं. त्या चाकाची टकटक सुरू झाली की आई चुलीपुढून उठायची आणि दार अर्धं लोटून घ्यायची. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मारायला त्यांच्याकडं सायकलच्याच जुन्या टायरची पट्टी होती, दारामागच्या खुंटीला अडकवलेली. टायरचा मार छडीपेक्षा वाईट असतो. पट्टी वळते, पाठीवर मारली तर तिचं टोक येऊन पोटाला झोंबतं. दादा पहाटे होडीवर गेले की मी चोरून त्यांची सायकल काढायची, दांडीखालून पाय घालून वाडीत फिरवायची, आणि चाकाला लागलेल्या चिखलावरून ते ओळखायचे. माझ्या पोटऱ्यांवर ते वळ अजून हाताला लागतात. पण सायकल मला आली, ती मी सोडली नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच, मिरचीच्या देठासारखा, तोडला तरी हाताला लागणारा.

हल्ली आमच्या काठावर पुण्या-नाशकाची पोरं येतात. लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या होड्या, गिअरच्या सायकली, पाठीवर नळी असलेल्या पाण्याच्या पिशव्या. मी इथं जेवणाची सोय करते म्हणून माझ्या पडवीत त्यांचं सामान पडलेलं असतं. डोंगर पायी, पाणी वल्ह्यानं, रस्ता सायकलनं, आणि जिथून निघायचं तिथंच फिरून यायचं, याला ती ‘लूप’ म्हणतात. इंजिनाला हात लावायचा नाही असा त्यांचा नियम आहे. मी तांदळाची भाकरी वाढता वाढता ऐकत असते. आमच्याकडं इंजिनच नव्हतं, त्यामुळं हा नियम आम्हाला सोपा गेला. आमचा फेरा झाला तो हौसेनं नव्हता. माझ्या बहिणीला जिवंत घरी आणायचं होतं, आणि ती ज्या रस्त्यानं दिली होती त्या रस्त्यानं ती परत येऊ शकत नव्हती.

बहीण म्हणजे सुमन, माझी आक्का. माझ्याहून मोठी, गोरी, कामाला वाघीण आणि बोलायला गाय. तिला दिली होती डोंगराच्या पल्याड, मुळेच्या खोऱ्यात. आमच्या काठावरून बघितलं तर समोरच्या कात्राबाईच्या डोंगरामागं तिचं सासर, पाखराला अगदी जवळ. पण गाडीरस्ता राजूरला वळसा घालून जायचा, आणि त्या रस्त्यावर एकच जीप धावायची, तीही तिच्या सासरच्या भावकीची. लग्नानंतर लगेच धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, पाय धुवायचे, वाण द्यायचं. आईनं उसने डाळ-गूळ आणून पुरणाचे धोंडे केले, दाजींना पाटावर बसवलं आणि परातीत त्यांचे पाय घेऊन धुतले. सासूनं जावयापुढं तोंड दाखवायचं नाही म्हणून तिचा पदर नाकाच्या खाली ओढलेला, आणि हात मात्र त्यांच्या टाचेच्या भेगांमधला चिखल काढत होते. दाजी तेव्हा हसून म्हणाले, “मामी, तुमच्या लेकीला काय हे जमत न्हाई.” सगळे हसले. मीही हसले. आक्का चुलीकडं तोंड करून बसली होती.

पुढच्या दोन नागपंचम्यांना आक्का आली नाही. माहेरी लेक आणायला मुराळी जावा लागतो, आणि मुराळी म्हणजे भाऊ. आम्हाला भाऊ नव्हता. दादांनी जायचं तर दादा म्हणायचे, “मागल्या बारीला त्यांनी मला पान्याचा तांब्या इचारला न्हाई. मी कशाला जाऊ? दिली ती दिली.” तिसऱ्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर बांगड्यावाली कासारीण वाडीत आली. ती डोंगरापल्याडच्या गावांनाही फिरायची. आईच्या हातात बांगड्या चढवताना ती खाली मान घालून म्हणाली, “तुमच्या लेकीला बांगड्या भरता आल्या न्हाईत मला. मनगाट सुजलंय. कान बी तुटलाय एक. बघायची आसंल तर लौकर बघा.” आईनं हात मागं घेतला नाही. सगळ्या बांगड्या भरून झाल्या, कासारणीला तिनं तांदूळ घातले, चहा पाजला, आणि ती गेल्यावर मागच्या खाचरात जाऊन भाताच्या रोपांत उभी राहून ती रडली. मी बघितलं तर मला म्हणाली, “रोपं बघतीय. पिवळी पडल्यात.”

दादा घोटीच्या बाजाराला बैल बघायला गेले, ते मुक्कामी जाणार होते. त्याच दिवशी आईनं पुरण घातलं. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून आमच्याकडं पुरणाची उकडलेली दिंडं करतात. तिनं दोन शिदोऱ्या बांधल्या. एक नव्या फडक्यात, एक जुन्या. मग मला म्हणाली, “इंदे, मुराळी म्हनून तू जायचं. दादांची सायकल काढ.”

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. “दादा मारतील,” मी म्हटलं.

“मारू दे. आजवर काय फुलं वाह्यली व्हय आपल्याला? ऐक. सायकल त्यांच्या अंगनात लाव, समद्यांना दिसंल अशी. नव्या फडक्यातली शिदोरी घरात खुंटीला अडकव. आन सायकल, शिदोरी तिथंच सोडून सुमीला घिऊन कात्राबाईची खिंड चढायची. चतुर्थीला दुपारच्याला मी होडी घिऊन खिंडीखाली रतनवाडीच्या अंगाला थांबते.”

तिचा डाव मला जरा वेळानं कळला. मुराळ्यानं आणलेली शिदोरी सासरच्या माणसांसमोर सोडायची, दोन्ही घरांनी ती खायची, आणि मगच लेक निघायची, अशी आमच्याकडची रीत. शिदोरी बांधलेली आहे तोवर लेक कुठं जात नाही, ही काळ्या दगडावरची रेघ. आणि पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, बायकांचा भावासाठी उपास. म्हणजे त्या दिवशी शिदोरी सोडायचा प्रश्नच येणार नाही, आणि खुंटीवरचं गाठोडं बघून सगळे निवांत राहतील. आईला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण माणसं कशावर डोळे मिटून भरवसा ठेवतात ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मी वाडीतून निघाले तेव्हा पाऊस झिमझिमत होता. आतापर्यंत दांडीखालून चालवलेली सायकल त्या दिवशी मी पहिल्यांदा सीटवर बसून चालवली. पाय पुरत नव्हते, चढाला उतरून ढकलायची, उताराला ब्रेक दाबून दाबून बोटं वाकडी व्हायची. धरणाच्या भिंतीवरून राजूर, राजूरला मावशीकडं रात्रीचा मुक्काम, आणि सकाळी पुढं खोऱ्यात. वाटेत त्यांची जीप समोरून आली. ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं, “कुनाची गं तू?” मी म्हटलं, “सुमनची भन. मुराळी.” तो हसला. “पोरगी मुराळी? आन् ती बी सायकलवर? भाऊ मेला का काय?” मी सायकलच्या घंटीवर अंगठा दाबून धरला तो ती जीप पुढं जाईपर्यंत सोडला नाही.

आक्काच्या सासरी पोचले तेव्हा ती गोठ्यात शेण काढत होती. मला बघून तिनं हात पुसले नाहीत, तशीच उभी राहिली. तिचा उजवा कान खालून दोन भाग झाला होता, कुडं ओढून तोडलेलं. समोरचा एक दात नव्हता. माझी आक्का हसली की गालाला खळी पडायची, ती आता तोंड मिटूनच हसायला शिकली होती. तिच्या सासूनं, आत्याबाईंनी, माझ्या हातातली शिदोरी घेतली, खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, “बघू. सोडायचं का न्हाई ते त्यो ठरवंल.” तेवढ्यात दाजी भाताच्या आवणीवरून आले. मांड्यांपर्यंत चिखल. मी वाकून पाया पडले आणि आईनं शिकवल्याप्रमाणं म्हटलं, “दाजी, आक्काला पंचमीला धाडा.”

दाजी माझ्याशी बोललेच नाहीत. आक्काकडं वळून म्हणाले, “तू निरोप धाडला व्हय गं?” ती म्हणाली, न्हाई. त्यांनी माझ्या सायकलच्या दांडीला अडकवलेला हवा भरायचा पंप काढला आणि तिच्या खांद्यावर मारला. मग पाठीवर. ती खाली बसली तेव्हा कमरेत. तिनं डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं होतं, कोपरं पुढं काढून, अगदी आमची आई झाकायची तसं. आम्हा दोघींना ते कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, “आरं खळ्यात ने तिला. पाव्हनी हाय समोर.” मी पंप धरायला गेले तर दाजींनी मला एका हातानं ढकललं आणि माझं डोकं जात्यावर आपटलं. नंतर त्यांनी पंप परत जागेवर अडकवून ठेवला, नीट, क्लिपात बसवून. मला तेव्हा दादा आठवले. “दोन दिस ऱ्हा आन् जा,” मला म्हणाले. “ती न्हाई येनार.” आणि भाकरी खाऊन परत आवणीवर गेले.

आक्का उपाशी होती. भावाचा उपास. पाणीसुद्धा मोजून प्यायची. आत्याबाईंना ती म्हणाली, “वारुळाला जाऊन येतो दोघी, पूजेची जागा सारवाया.” आत्याबाईंनी अंगणातल्या सायकलकडं बघितलं, मग आत खुंटीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, “जावा.” हातात शेणाची पाटी घेऊन आम्ही गावाबाहेर पडलो. वारुळ मागं टाकलं, पाटी करवंदीच्या जाळीत ढकलली आणि पळायला लागलो.

ती खिंड मी नंतर पुष्कळदा चढले, पण त्या दिवसासारखी कधीच नाही. ढग उतरलेले, पाच हातांवरचं दिसत नव्हतं, ओहोळ वाटेवरून वाहत होते आणि शेवाळलेल्या कातळावर आक्काचा पाय सारखा घसरायचा. तिची कंबर धरत नव्हती. चढताना ती हातापायांवर आली, आणि मी मागून तिला ढकलत होते, तशीच जशी चढाला सायकल ढकलली होती. मधेच ती बसली आणि म्हणाली, “तू जा इंदे. मला दिसंना झालंय.” मी म्हटलं पाणी पी. म्हणाली, “उपास हाय.” मला असा संताप आला की मी तिच्या तोंडात मारली. एकच. मग ओहोळातलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या तोंडावर धरलं, आणि ती प्याली. इतकं सांगते, त्या एका थापडीचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि आक्कालाही नाही. खिंडीच्या माथ्यावर वारा असा होता की उभं राहता येईना. तिथं, मागच्या ढगातून, आम्ही दाजींचा आवाज ऐकला. ते आक्काच्या नावानं आईबहिणीवरून शिव्या देत वर येत होते. कुण्या गुराख्यानं आम्हाला बघितलं असणार.

उतार आम्ही चाललोच नाही, घसरलो. लुगडी फाटली, गुडघे सोलले. रतनवाडीच्या अंगाला झाडी संपली आणि समोर राखाडी पाणी दिसलं, आणि काठाला आमची होडी, आणि होडीत पदर डोक्यावरून घेऊन बसलेली आई, कुणाच्या लग्नाला आल्यासारखी. दादा बाईमाणसाला होडीत बसू देत नसत, म्हणे जाळं रिकामं येतं. पण ते तापानं पडले की जाळी कोण काढून आणायचं ते वाडीला माहीत होतं. आईनं आक्काकडं एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. तिला उचलूनच आत घेतलं आणि वल्ह्यानं काठ ढकलला.

तेवढ्यात दाजी झाडीतून बाहेर आले. हातात कोयता. चतुर्थीपासून पंचमी सरेपर्यंत आमच्याकडं विळी-कोयत्याला हात लावत नाहीत, पण त्यांना त्याचं काय. त्यांनी तो फेकला. आक्कावर फेकला, आणि तो माझ्या दंडाचं मांस काढून होडीच्या फळीत रुतला. दुखलं नाही, फक्त गरम लागलं. मग ते पाण्यात घुसले. रतनवाडीच्या त्या काठाला पाण्याखाली नदीची जुनी दरड आहे. आधी गुडघाभर, जरा पुढं कमरेएवढं, आणि मग एकदम तळच नाही. डोंगरापल्याडच्या माणसाला हे काय ठाऊक. आणि पोहता तर त्यांना येतच नव्हतं. पायाखालची जमीन गेली तेव्हा त्यांनी झेप घेतली आणि एका हातानं होडीची कड पकडली, दुसऱ्या हातानं आक्काची वेणी. होडी कलली. आक्काचं डोकं मागं ओढलं गेलं, गळा ताणला गेला, आणि अर्धं अंग होडीबाहेर गेलं.

आई उठून उभी राहिली. हलत्या होडीत पाय फाकवून, दोन्ही हातांत वल्हं. हात अडकलेले म्हणून तिनं पदराची कड दातांत धरली, जावयापुढं तोंड उघडं पडू नये म्हणून. दातांतूनच ती म्हणाली, “पाव्हनं, सोडा.”

दाजींनी आईला शिवी दिली.

आईनं वल्हं त्यांच्या मनगटावर मारलं. “सोडा म्हन्ते ना पाव्हनं.” दुसऱ्यांदा मारलं. ते सोडेनात, उलट वेणीला आणखी पीळ दिला. तिसऱ्यांदा तिनं वल्हं डोक्याच्या वर नेलं आणि लाकूड फोडतात तसं खाली आणलं. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, वाळकी काटकी पायाखाली यावी तसा साधा. वेणी सुटली. मग आई खांद्यावर मारत राहिली, पाठीवर, मानेवर, आणि दर फटक्याला “पाव्हनं” म्हणत होती, “अवं पाव्हनं,” आणि तिचं ते मानाचं बोलणं आणि तो मार यांत मला काही वेगळं वाटेना. पंप, टायर, पातेलं, कान, दात, सगळं ती मोजून परत करत होती. दाजींचा दुसरा हातही सुटला आणि ते पाण्याखाली गेले. वर आले, खोकले, पुन्हा गेले.

पाण्यावर पाऊस पडत होता. मी आक्काकडं बघितलं. ती बुडबुड्यांकडं बघत होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मी मनात म्हटलं, राहू दे खाली. आजही तेच म्हणेन. पण आईनं वल्हं लांब केलं, पाण्यात खुपसलं आणि वर आलेल्या त्या डोक्यापुढं धरलं. “धरा,” ती म्हणाली. ज्या वल्ह्यानं हात मोडला तेच त्यांनी चांगल्या हातानं छातीशी कवटाळलं. आईनं मला दुसरं वल्हं मारायला लावलं आणि त्यांना ओढत उथळाला आणून सोडलं. ते चिखलात पालथे पडून ओकत होते. आईनं पदर सारखा केला, फळीतला कोयता उपटून पाण्यात टाकला आणि म्हणाली, “आता धोंड्याचा म्हयना आला तर वाट बघू नगा. बोलावनं यायचं न्हाई.”

मध्य पाण्यात आल्यावर तिनं वल्हं थांबवलं. माझ्या दंडाला पदराची चिंधी बांधली. मग जुन्या फडक्यातली शिदोरी सोडली, दिंडं काढली आणि आक्कापुढं धरली. आक्का म्हणाली, “आई, उपास. भावासाठी.”

“आला का गं त्यो?” आई म्हणाली. “जल्मापासून धरतीय उपास. माजा भाव आला न्हाई, तुमचा तर न्हाईच. खा.” आणि तिनं स्वतः आधी घास घेतला. आक्का उरल्या दातांनी दिंड चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुरणात मीठ गेल्यासारखं लागतंय म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो. मला लूपवाली पोरं विचारतात, आजी, या पाण्याच्या मधोमध काय भारी वाटतं ना? मी हो म्हणते.

आमच्या काठाला दादा उभे होते. घोटीहून आले होते, बैल पसंत पडला नव्हता, आणि घरात ना बायको ना होडी ना सायकल. हातात टायर होता. तीन वर्षांनी दिसलेली लेक होडीतून उतरत होती, कान तुटलेली, वाकलेली. दादांनी तिच्याकडं बघितलं, माझ्या रक्तानं भिजलेल्या बाहीकडं बघितलं, आणि आईला विचारलं, “सायकल कुठं हाय?”

“सुमीच्या सासरी,” आई म्हणाली.

“मंग उद्या पंचमी झाली की परवा पोरीला पोचवतो आन् सायकल घिऊन येतो.” आणि टायर हातात गुंडाळत ते पुढं आले. “तू आत चल. तुला बघतो.”

वल्ही नेहमी होडीतच ठेवायची. त्या दिवशी आई एक वल्हं खांद्यावर टाकून उतरली होती. दादांनी टायर उचलला आणि आईनं त्यांच्या मांडीवर वल्हं मारलं. त्यांना आधी कळलंच नाही. दुसरं बसलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं पुढं काढून. आमच्या घरातली ती झाकायची पद्धत त्यांनाही आयती येत होती. ते काठाच्या चिखलात खाली बसले. वाडीतली माणसं दारांत उभी होती, आणि या वेळी दार लोटून घ्यायला कुणी नव्हतं. आई जरा थांबली, दम घेतला, आणि म्हणाली, “उठा. च्या ठिवते.” घरात शिरून तिनं वल्हं चुलीच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलं. टायरची पट्टी तिनं त्याच चुलीत घातली. घरभर काळा धूर झाला, डोळे चुरचुरले, आणि तो वास पुढं कित्येक दिवस भातालाही येत होता.

दादा पोरीला पोचवायला गेले नाहीत, आणि सायकल आणायलाही गेले नाहीत. जावयाच्या दारात कुठल्या तोंडानं जाणार. मासे डोक्यावर घेऊन चालत बाजाराला जायचे आणि संध्याकाळी अंगणात सायकलच्या जागेकडं बघत बसायचे. मला त्यांची कीव आली असं मी म्हणणार नाही. दसरा झाला, भात पिवळं पडलं, आक्काची कंबर सरळ झाली. दिवाळीच्या अलीकडं एक दिवस ती आईला म्हणाली, “मला पल्याड सोड.” आईनं होडी काढली. रतनवाडीला उतरताना आक्कानं ते वल्हं उचललं आणि खांद्यावर घेतलं. आई म्हणाली, “डोंगरावर वल्हं कशाला गं?” आक्का म्हणाली, “आसू दे.”

ती एकटी खिंड चढली. वाटेत गुराख्यांनी तिला विचारलं, “बाई, हिकडं कुठं पानी?” ती चढत राहिली. सासरच्या अंगणात ती उभी राहिली तेव्हा दाजी ओसरीवर बसले होते, मोडलेला हात वाकडाच जुळलेला. आत्याबाई दारात आल्या. हे तिनं मला नंतर सांगितलं, आणि तिला बढाया मारता येत नाहीत म्हणून मी ते खरं धरते. दाजींनी आधी तिच्याकडं बघितलं, मग वल्ह्याकडं, आणि मग मांजरानं बघावं तसं दुसरीकडंच बघायला लागले. सायकल गोठ्यात होती, तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. आक्कानं ती बाहेर काढली, पंपानं हवा भरली, तोच पंप, आणि वल्हं दांडीला बांधलं. तिला सायकल येत नव्हती. गावाबाहेर पडेपर्यंत तिनं हातात धरून नेली, मग उतार बघून चढली, पडली, पुन्हा चढली. राजूरला मावशीकडं रात्र काढून सकाळी निघाली तेव्हा बाजार भरलेला होता. फाटक्या कानाची बाई, सोललेली कोपरं, आणि सायकलला आडवं बांधलेलं वल्हं. माणसं बाजूला होत होती, कारण ते वल्हं दोन्ही बाजूंना लागत होतं.

ती दिवेलागणीला वाडीत आली. दादा ओसरीवरून उठले. सायकलभोवती फिरले, गंजलेल्या चेनला बोट लावून बघितलं, तेलाची बाटली आणायला आत वळले आणि मधेच थांबले. आक्का सायकलला टेकून उभी होती, वल्हं अजून सोडलेलं नव्हतं. दादांनी घसा खाकरला.

“सुमे, उद्या मासं न्यायचं हाईत. सायकल नेऊ का?”

आक्कानं जरा विचार केला. “न्या,” ती म्हणाली. “येताना धुऊन आना.”